बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी पहिल्याच केसला एकही प्रश्न न विचारता खाली बसले होते

मुंबईचं स्मॉल कॉजेस कोर्ट. विलायतेहून नुकताच बॅरिस्टर होऊन आलेला एक तरुण वकील आयुष्यातली पहिली केस लढवायला उभा राहिला होता. केस अगदी साधी, एका दिवसात संपेल अशी. अशिलाचं नाव होतं मामीबाई आणि फी ठरली होती ३० रुपये.

वकील प्रतिवादीच्या बाजूने होता. म्हणजे त्याला समोरच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. तो उभा राहिला आणि त्याचे पाय लटपटायला लागले. डोकं गरगरायला लागलं, सगळं कोर्टच फिरतंय असं वाटायला लागलं. विचारायला एक प्रश्न सुचेना.

शेवटी तो तसाच खाली बसला. ही केस आपल्याच्याने होणार नाही, दुसरा वकील बघा आणि फी परत घ्या, असं त्याने मामीबाईंच्या माणसाला सांगून टाकलं. ५१ रुपये देऊन पटेल नावाचे वकील उभे करण्यात आले. त्यांच्यासाठी ही केस म्हणजे डाव्या हातचा मळ होता. आपली अशील जिंकली की हरली, हे बघायलाही हा तरुण थांबला नाही. कोर्टातून जवळपास पळतच बाहेर पडला.

हा तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

ज्या माणसाने पुढे इंग्रज न्यायाधीशासमोर उभं राहून, गुन्हा कबूल आहे, हवी ती शिक्षा द्या, असं सांगितलं, त्याची कोर्टातली सुरुवात अशी झाली होती. आणि गंमत म्हणजे बॅरिस्टरच्या परीक्षेचा त्यांनी भरपूर अभ्यास केला होता. बाकीची पोरं नोट्स वाचून पास होत होती, तेव्हा गांधीजी जाडजूड पुस्तकं मुळातून वाचत होते.

मग घोळ कुठे झाला? त्यासाठी लंडनमधली ती तीन वर्षं बघायला लागतात.

कॉलेज जमेना म्हणून बॅरिस्टर

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. १८८७ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि भावनगरच्या सामळदास कॉलेजमध्ये दाखल झाले. पण तिथे काही डोक्यात शिरेना. प्राध्यापक चांगले होते, कच्चे आपणच होतो, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलंय. पहिली टर्म संपवून ते घरी परत आले.

वडील वारले होते. वडील, आजोबा संस्थानाचे दिवाण, त्यामुळे पोरांपैकी कुणीतरी ती गादी चालवावी अशी घरच्यांची इच्छा होती. तेव्हा मावजी दवे नावाच्या कुटुंबाच्या जुन्या स्नेह्यांनी सल्ला दिला की, बी. ए. करण्यात चार-पाच वर्षं घालवण्यापेक्षा पोराला विलायतेला पाठवा. तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन येईल, खर्च चार-पाच हजार रुपयांच्या वर जाणार नाही.

गांधीजींना खरं तर डॉक्टर व्हायचं होतं. पण मोठ्या भावाने आठवण करून दिली की, प्रेतं फाडायचं शिक्षण वडिलांना पसंत नव्हतं. मग बॅरिस्टर ठरलं.

पैशांसाठी पोरबंदर संस्थानाचा कारभार बघणाऱ्या लेली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे ते गेले. आधी पदवीधर व्हा मग या, असं सांगून लेलीने त्यांना उभ्या उभ्या वाटेला लावलं. मोठे भाऊ लक्ष्मीदास यांनी खर्चाची जबाबदारी घेतली. आई पुतळीबाईंना पोरगं बिघडेल याची धास्ती होती. मग बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही अशी शपथ झाली, आणि आईने परवानगी दिली.

मुंबईत आल्यावर नवीनच अडचण. मोढ वाणी जातीच्या पंचायतीने समुद्र ओलांडायला विरोध केला. गांधीजी ऐकेनात म्हटल्यावर त्यांना जातीबाहेर टाकलं आणि त्यांना मदत करणाऱ्याला किंवा बंदरावर निरोप द्यायला जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड जाहीर केला. ज्या मेव्हण्याकडे प्रवासाचे पैसे ठेवले होते, त्याने जातीच्या भीतीने ते द्यायला नकार दिला. एका मित्राकडून उसने घेऊन तिकीट काढलं गेलं.

४ सप्टेंबर १८८८ रोजी ‘क्लाइड’ बोट मुंबईहून सुटली. गांधीजी १९ वर्षांचेही झाले नव्हते. घरी बायको कस्तुरबा आणि काही महिन्यांचा मुलगा हरिलाल होता.

म्हणजे परीक्षेचा पेपर हातात पडायच्या आधीच डोक्यावर काय काय होतं बघा. भावाचे पैसे, आईची शपथ, जातीचा बहिष्कार आणि अर्धवट सुटलेलं कॉलेज. नापास होऊन परत यायची सोयच नव्हती.

बॅरिस्टर व्हायचं तर आधी जेवायचं

लंडनमध्ये बॅरिस्टर व्हायला चारपैकी एका ‘इन’मध्ये नाव घालावं लागतं. लिंकन्स इन, ग्रेज इन, मिडल टेम्पल आणि इनर टेम्पल. गांधीजी इनर टेम्पलमध्ये दाखल झाले, तारीख होती ६ नोव्हेंबर १८८८.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे बॅरिस्टर व्हायला दोन गोष्टी कराव्या लागायच्या. एक म्हणजे परीक्षा पास होणं आणि दुसरी म्हणजे १२ टर्म भरणं. या टर्म भरायला लागायची साधारण तीन वर्षं. आणि टर्म भरणं म्हणजे काय, तर जेवणं.

प्रत्येक टर्ममध्ये साधारण २४ जेवणावळी व्हायच्या, त्यातल्या किमान सहा जेवणांना हजेरी लावायची. जेवलंच पाहिजे असंही नव्हतं. ठरलेल्या वेळी जायचं आणि जेवण संपेपर्यंत बसायचं. एका जेवणाचे अडीच ते साडेतीन शिलिंग द्यावे लागायचे.

जुन्या काळी विद्यार्थी मोजके असताना या जेवणांना अर्थ होता. ज्येष्ठ वकिलांसोबत बसायचं, त्यांचं बोलणं ऐकायचं, चार गोष्टी शिकायच्या. गांधीजी गेले तोवर ज्येष्ठांचं टेबल वेगळं झालं होतं आणि नुसती प्रथा उरली होती. जेवणं खाऊन माणूस वकिलीच्या लायक कसा होतो, हे कोडं त्यांना काही सुटलं नाही.

शाकाहारी माणूस तिथे खाणार काय? ब्रेड, उकडलेले बटाटे आणि कोबी. पुढे एका पारशी विद्यार्थ्यासोबत मिळून त्यांनी अर्ज केला आणि दोघांना फळं, भाज्या मिळायला लागल्या.

पण या जेवणांत गांधीजींना भलतीच मागणी होती. चार जणांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळायच्या. चौघांतला एक पीतच नाही म्हटल्यावर उरलेल्या तिघांची चंगळ. त्यामुळे प्रत्येक जण त्यांना आपल्या टेबलावर ओढायचा.

परीक्षा तशी सोपीच होती

आता परीक्षेचं. पेपर दोन भागांत असायचे, एक रोमन कायद्याचा आणि दुसरा इंग्लंडच्या कायद्याचा. गांधीजींनी सांगितलेले आकडे बघितले तर हसू येईल. रोमन कायद्यात ९५ ते ९९ टक्के पोरं पास व्हायची, शेवटच्या परीक्षेत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त. वर्षातून चार वेळा परीक्षा व्हायची, म्हणजे राहिलंच तर तीन महिन्यांनी परत.

अभ्यासाची पुस्तकं ठरलेली होती, पण ती उघडायचे फार थोडे. रोमन कायदा नोट्सवरून दोन आठवड्यांत आणि इंग्लंडचा कायदा दोन-तीन महिन्यांत उरकणारे बरेच होते.

एवढी सोपी परीक्षा असताना टेन्शन कशाचं, असा प्रश्न पडू शकतो. तर गांधीजींच्या डोक्याला ताप परीक्षेचा कमी आणि आजूबाजूच्या सगळ्याचा जास्त होता.

बोटीतच त्याची सुरुवात झाली होती. इंग्रजीत बोलायची लाज, काटा-चमचा कसा धरायचा माहीत नाही, कुठल्या पदार्थात मांस आहे हे विचारायची हिंमत नाही. मग घरून आणलेली मिठाई आणि फळं खात केबिनमध्येच बसून राहायचं. लंडनला पोचल्यावर रात्री आईची, घराची आठवण येऊन डोळ्यांतून पाणी वाहायचं. बिनमिठाच्या भाज्या गिळवत नव्हत्या आणि अजून ब्रेड मागायचा तर संकोच. पोट भरतच नव्हतं.

तीन महिन्यांचा ‘साहेब’

एकदा एका मित्राने त्यांना हॉलबर्न रेस्टॉरंट या मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. सूप आल्यावर गांधीजींनी हळूच वेटरला बोलावून यात मांस आहे का, हे विचारायचा प्रयत्न केला. मित्र भडकला. एवढंही वागता येत नसेल तर बाहेर जाऊन दुसरीकडे जेव, असं त्याने सुनावलं. गांधीजी बाहेर पडले. जवळचं शाकाहारी हॉटेल बंद होतं. त्या रात्री ते उपाशीच राहिले.

आपण गावंढळ आहोत हे त्यांच्या मनाला लागलं आणि साहेब व्हायचं त्यांनी ठरवलं. बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा सूट शिवला. उंच हॅट घेतली. भावाकडून घड्याळाची सोन्याची दुहेरी साखळी मागवली. रोज दहा मिनिटं आरशासमोर उभं राहून टाय बांधणं आणि भांग पाडणं सुरू झालं.

तीन पौंड भरून नाच शिकायला गेले, पण पियानोच्या तालावर पाय पडेना. कान तयार व्हावा म्हणून आणखी तीन पौंडांचं व्हायोलिन घेतलं. फ्रेंच सुरू केलं. भाषण करता यावं म्हणून वक्तृत्वाचा मास्तर धरला.

साधारण तीन महिने हे चाललं. मग एक दिवस त्यांना साधा प्रश्न पडला की, आपण इथे आयुष्य काढणार आहोत का? भावाच्या पैशांवर शिकायला आलेला विद्यार्थी नाच शिकून काय करणार? त्यांनी वक्तृत्वाच्या मास्तरला पत्र लिहून शिकवणी बंद केली आणि व्हायोलिन विकून टाकलं.

नेटके कपडे घालायची सवय मात्र पुढे बरीच वर्षं टिकली.

हिशोबाची वही आणि दहा मैलांचं चालणं

यानंतर गांधीजींनी जे केलं, ते आजच्या कुठल्याही परीक्षेच्या पोरांना उपयोगाचं आहे.

पहिलं म्हणजे त्यांनी पै-पैचा हिशोब ठेवायला सुरुवात केली. बसचं भाडं, टपालाची तिकिटं, वर्तमानपत्राचे दोन पैसे, सगळं लिहायचं आणि रात्री झोपण्याआधी शिल्लक जुळवायची. भावाचे पैसे उडवतोय ही जी टोचणी होती, ती या वहीमुळे आटोक्यात आली.

दुसरं म्हणजे त्यांनी जागा बदलली. एका कुटुंबात पैसे देऊन राहण्याऐवजी स्वतःच्या खोल्या घेतल्या, त्याही कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात चालत पोचता येईल अशा. पुढे दोन खोल्यांची एक केली आणि शेगडी घेतली. सकाळी ओटची लापशी आणि कोको घरीच, दुपारी बाहेर, रात्री पुन्हा ब्रेड आणि कोको घरी. दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगवर आला.

तिसरं म्हणजे चालणं. दिवसाला आठ ते दहा मैल, म्हणजे १३ ते १६ किलोमीटर. भाडंही वाचलं आणि तब्येतही. लंडनमधल्या दिवसांत आपण फारसे आजारी पडलो नाही, याचं श्रेय ते या चालण्याला द्यायचे.

चौथं म्हणजे माणसं. भटकता भटकता त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी हॉटेल सापडलं. विलायतेत आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवण तिथे मिळालं. तिथेच एक शिलिंग देऊन त्यांनी हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक घेतलं. पुढे ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत गेले, जोसाया ओल्डफिल्ड यांच्यासारखे मित्र मिळाले. ज्या गोष्टीमुळे ते एकटे पडले होते, त्याच गोष्टीने त्यांना लंडनमध्ये गोतावळा दिला.

विद्यार्थी म्हणून हे दिवस खूप हलाखीचे गेले असतील असं कुणाला वाटेल. पण आतलं आणि बाहेरचं आयुष्य जुळल्यामुळे आपण जास्त आनंदात होतो, असं गांधीजींचं म्हणणं होतं.

लॅटिनमध्ये दांडी

बॅरिस्टरची परीक्षा सोपी आहे हे कळल्यावर रिकाम्या वेळेचं करायचं काय? इंग्रजी कच्चं होतं आणि आधी पदवीधर व्हा, हे लेलीचं बोलणं डोक्यातून गेलं नव्हतं. ऑक्सफर्ड-केंब्रिज परवडणारं नव्हतं. शेवटी एका मित्राच्या सल्ल्याने त्यांनी लंडन मॅट्रिकची परीक्षा द्यायचं ठरवलं.

त्यात लॅटिन आणि एक आधुनिक भाषा सक्तीची. हातात पाच-सहा महिने. गांधीजींनी मिनिटामिनिटाचं टाइमटेबल बनवलं आणि खासगी क्लास लावला. जानेवारी १८९० मध्ये परीक्षा दिली आणि लॅटिनमध्ये नापास झाले.

वाईट वाटलं, पण त्यांनी शांतपणे हिशोब मांडला. लॅटिनची गोडी लागली होती, ते परत करायचं. विज्ञानात रसायनशास्त्र घेतलं होतं, पण प्रयोग करायला मिळत नसल्याने ते कंटाळवाणं झालं होतं. ते सोडून उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला. राहणी आणखी साधी केली. जून १८९० मध्ये ते मॅट्रिक पास झाले.

दरम्यान मार्च १८९० मध्ये रोमन कायद्याचा पेपरही दिला होता. ४६ जणांत त्यांचा सहावा नंबर आला.

उरला इंग्लंडचा कायदा. इथे नोट्स वाचून मोकळं होता आलं असतं. पण एवढे पैसे घालून घेतलेली पुस्तकं न वाचणं म्हणजे फसवणूक, असं त्यांना वाटलं. रोमन कायदा त्यांनी लॅटिनमधून वाचला होताच. आता ब्रूमचं कॉमन लॉ, स्नेलचं इक्विटी, व्हाइट आणि ट्यूडर यांचे गाजलेले खटले, विल्यम्स आणि एडवर्ड्स यांचं स्थावर मालमत्तेवरचं पुस्तक, गुडइव्हचं जंगम मालमत्तेवरचं, अशी एकामागोमाग एक पुस्तकं संपवली. नऊ महिने त्यात गेले.

डिसेंबर १८९० मध्ये परीक्षा झाली, जानेवारी १८९१ मध्ये निकाल लागला. १०९ जणांत गांधीजींचा नंबर होता ३४ वा. टॉपर नाही, पण पहिल्या फटक्यात आणि व्यवस्थित पास.

टर्म भरायच्या बाकी होत्या, त्या झाल्यावर १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले. ११ जूनला हायकोर्टात नाव नोंदवलं आणि १२ जूनला घरच्या बोटीत बसले.

पास झाल्यावर खरी भीती सुरू झाली

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण परीक्षा पास झाल्यावर गांधीजींची झोप उडाली.

कायदा वाचून झाला होता, पण वकिली कशी करायची हे कुणी शिकवलंच नव्हतं. साधा दावा कसा लिहायचा हे माहीत नाही. हिंदू आणि मुस्लिम कायद्याचा तर अभ्यासक्रमात पत्ताच नव्हता, आणि वकिली करायची होती हिंदुस्थानात. मुंबईत फिरोजशाह मेहता कोर्टात सिंहासारखे गरजतात असं ऐकलेलं. त्यांच्यासमोर आपला काय निभाव लागणार? वकिलीवर पोट तरी भरेल का?

त्यात बोलायची भीती. शाकाहारी मंडळाच्या बैठकीत ते गप्प बसायचे. एकदा एका वादावर मत मांडायचं होतं तर ते कागदावर लिहून नेलं आणि तेही दुसऱ्याने वाचून दाखवलं. लंडन सोडताना त्यांनी मित्रांना हॉलबर्न रेस्टॉरंटमध्येच शाकाहारी जेवण दिलं. ज्या हॉटेलातून उपाशी बाहेर पडले होते, तेच हे हॉटेल. तिथे बोलण्यासाठी छोटंसं विनोदी भाषण पाठ केलं होतं. पहिल्या वाक्यानंतर पुढचं काही आठवेना. आभार मानून खाली बसले.

  ही कच्ची बाजू परीक्षांच्या निकालात कुठे दिसलीच नाही.

या भीतीबद्दल कुणाशी बोलावं? दादाभाई नौरोजींच्या नावाचं ओळखपत्र जवळ होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाला आपली रडगाणी सांगायची कशी, म्हणून त्यांच्याकडे विषय काढलाच नाही. शेवटी फ्रेडरिक पिंकट नावाच्या इंग्रज गृहस्थांना ते भेटले. राजकारणात ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे होते, पण हिंदी विद्यार्थ्यांवर त्यांचा जीव होता.

पिंकट यांनी त्यांची भीती हसण्यावारी नेली. प्रत्येकाला फिरोजशाह मेहता व्हायची गरज नसते, पोटापुरती वकिली करायला प्रामाणिकपणा आणि मेहनत पुरते, असं त्यांनी समजावलं. मात्र वाचन कमी आहे, हेही सांगितलं. देशाचा इतिहास आणि माणसाचा स्वभाव वकिलाला कळायला हवा, म्हणून १८५७ वरचे ग्रंथ आणि चेहऱ्यावरून माणूस ओळखण्यावरची पुस्तकं सुचवली.

त्या चेहऱ्यांच्या पुस्तकांचा गांधीजींना काही उपयोग झाला नाही. पण पिंकट यांचा हसरा चेहरा त्यांच्या लक्षात राहिला. थोडा धीर घेऊन ते बोटीत चढले.

नाशिक, गिरगाव आणि ३० रुपयांची केस

जुलै १८९१ मध्ये बोट मुंबईला लागली. भाऊ न्यायला आले होते. आईला कधी भेटतोय असं झालेल्या गांधीजींना तिथे कळलं की, आई केव्हाच गेली. परक्या देशात पोरगं खचेल म्हणून घरच्यांनी बातमी लपवून ठेवली होती.

जातीचं प्रकरणही बाकी होतं. भावाने त्यांना नाशिकला नेलं, गोदावरीत अंघोळ घातली आणि राजकोटला परतल्यावर जातजेवण दिलं.

वकिलीसाठी गांधीजी मुंबईत आले. गिरगावात बिऱ्हाड केलं. रोज पाऊण तास चालत हायकोर्टात जायचे आणि चालतच परत यायचे. लंडनची सवय सुटली नव्हती. पण कोर्टात चाललेलं समजायचं नाही आणि डुलक्या लागायच्या. सोबतीला डुलक्या घेणारे इतरही असल्यामुळे पुढे त्याची लाजही वाटेनाशी झाली.

त्यातच केस मिळवून देणाऱ्या दलालाला कमिशन द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. तरीही एक केस आली. तीच ती मामीबाईंची.

त्यानंतर जोवर हिंमत येत नाही, तोवर केस घ्यायची नाही असं त्यांनी ठरवलं. एका शाळेत रोज एक तास इंग्रजी शिकवायची ७५ रुपयांची नोकरी निघाली होती, तिथे अर्ज केला. शाळेला पदवीधर हवा होता. बॅरिस्टर असूनही नकार मिळाला. लेलीचं बोलणं इथेही आडवं आलं.

सहा महिन्यांत मुंबईचा गाशा गुंडाळून ते राजकोटला गेले.

भीती गेली कशी?

याची सुरुवात मुंबईतच झाली होती. पोरबंदरच्या एका गरीब मुसलमान माणसाची जमीन जप्त झाली होती. त्याच्यासाठी गांधीजींनी अर्ज लिहिला. मित्रांना वाचून दाखवला तर त्यांना तो आवडला. उभं राहून बोलता येत नसलं तरी कागदावर बाजू नीट मांडता येते, हे त्यांच्या लक्षात आलं. राजकोटला अर्ज आणि निवेदनं लिहून महिन्याला ३०० रुपये सुटायला लागले.

१८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बोलावणं आलं. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचा ४० हजार पौंडांचा दावा चालू होता. तिथल्या वकिलांना मदत करायची, जाण्या-येण्याचं पहिल्या वर्गाचं भाडं, राहण्याचा खर्च आणि १०५ पौंड मिळणार होते.

खटला सगळा हिशोबाच्या वह्यांवर उभा होता आणि गांधीजींना जमाखर्चातलं काही कळत नव्हतं. त्यांनी पुस्तक विकत आणून जमाखर्च शिकायला सुरुवात केली. सगळी कागदपत्रं वाचली, अशिलाकडून बारीकसारीक माहिती काढली. खटल्यातली वस्तुस्थिती नीट माहीत असेल तर तीन चतुर्थांश कायदा आपोआप मिळतो, ही गोष्ट त्यांना इथे पटली.

वस्तुस्थिती अशिलाच्या बाजूने आहे हे त्यांना कळलं होतं. पण खटला लांबला तर दोन्ही घरं बुडतील हेही दिसत होतं, कारण समोरचे तय्यब शेठ अब्दुल्लांचे नातेवाईकच होते. गांधीजी दोघांच्या मागे लागले आणि प्रकरण लवादाकडे नेलं. दादा अब्दुल्ला जिंकले. ३७ हजार पौंड आणि खर्च एकदम भरायचा म्हणजे तय्यब शेठचं दिवाळं वाजलं असतं, म्हणून गांधीजींनी हप्ते बांधून दिले.

मामीबाईंच्या केसमध्ये ज्याला एक प्रश्न सुचला नव्हता, त्याने दोन बड्या व्यापाऱ्यांची समजूत घातली होती. पुढच्या २० वर्षांच्या वकिलीत शेकडो प्रकरणं अशी तडजोडीने मिटवली, असं गांधीजींनी लिहून ठेवलंय.

आणि लंडनला घेतलेले कष्ट? तेही वाया गेले नाहीत. दक्षिण आफ्रिकेतला कायदा रोमन-डच पद्धतीचा होता. नोट्स सोडून लॅटिनमध्ये वाचलेला रोमन कायदा तिथे कामाला आला.

परत गेलेली सनद

मार्च १९२२ मध्ये अहमदाबादला राजद्रोहाचा खटला चालला. गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला इनर टेम्पलने त्यांचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढून टाकलं. ज्या पदवीसाठी जातीबाहेर गेले, आईची शेवटची भेट हुकली, ती गेली.

१९८८ मध्ये इनर टेम्पलने त्यांचं नाव यादीत परत घेतलं. तोवर त्यांच्या मृत्यूला ४० वर्षं झाली होती.

वकिलीची सनद असो, एमपीएससी असो की यूपीएससी, आजही खोलीत एकटं बसून घरच्यांच्या पैशांचा हिशोब करत अभ्यास करणारी लाखो पोरं आहेत. गांधीजींनी त्या दिवसांत हिशोबाची वही, चालणं, टाइमटेबल आणि दोन-चार जवळची माणसं यांच्यावर निभावून नेलं. निकाल लागल्यावरही भीती जात नाही आणि पहिल्या दिवशी पाय लटपटू शकतात, हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मामीबाईंच्या केसनंतर ते पळून गेले, पण जे जमतंय तिथून त्यांनी परत सुरुवात केली.